गोष्ट कुणी सांगितली?

इंदूरच्या पलासिया चौकातून जाणारा रस्ता मुळात आग्रा आणि मुंबई यांना जोडणारा. त्याच्या आजूबाजूला जुना पलासिया आणि नवा पलासिया अशा दोन वस्त्या वाढल्या. नव्या पलासियातली ‘छप्पन दुकान’ ही खाऊगल्ली तर आता साऱ्या शहराची ओळख होऊन बसली आहे. या गजबजाटात झाडे थोडी, पण वस्तीच्या नावात पळस अजून ऐकू येतो. झाडावरून गावाला नाव पडणे आपल्याकडे नवे नाही. वडगाव, पिंपळगाव, पळसगाव सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. आणि जिथे झाड, तिथे त्याचा रहिवासीही आलाच. पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ, डोहात आसरा, रानवाटेवर चकवा. या रहिवाशांच्या कथा गोळा करणे हे गेल्या दोनशे वर्षांत एक रीतसर काम झाले. त्यात माणसांनी आयुष्ये घातली, ग्रंथ रचले, नाव मिळवले. काहींची नावे पुसलीही गेली. या कामाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा इंदुरातून जातो. तो धरून मला एकच गोष्ट मांडायची आहे. अद्भुत जीवांच्या कथा गोळा करणाऱ्याची योग्यता त्याने किती भुते-राक्षस जमवले यावर ठरत नाही. कथा कुणी, कुठे आणि कशापायी सांगितली याची नोंद त्याने ठेवली की नाही, यावर ठरते. सांगणारा गाळला, की डाकणीचा दप्तरातला कागद होतो, राक्षसाचा नकाशावरचा ठिपका होतो आणि मुंजाचा कपाटात ठेवलेला नमुना.

सुरुवात डाकणीपासून करावी लागते. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांचे राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आले आणि इंदूर राजधानी झाले. त्या तहाच्या वाटाघाटी करणारा सर जॉन माल्कम पुढची काही वर्षे याच मुलखात होता. 1823 साली मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजघराणी, महसूल, पेंढारी, भिल्ल यांच्या हकिकतींबरोबर त्यात डाकणीवरच्या विश्वासाचीही दखल आहे. हा विश्वास या मुलखात सर्वदूर पसरलेला आहे आणि डाकण ठरवलेल्या बायकांचे जीव घेतले जातात, हे माल्कमने लिहून ठेवले. ही नोंद मोलाची आहे. शेजारच्या मेवाडात डाकणीच्या नावाखाली होणाऱ्या हत्यांवर बंदी यायला 1853 साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते. पण कारभाऱ्याच्या नजरेला डाकण हा बंदोबस्ताचा प्रश्न दिसतो. कुणाचे मूल दगावले, कुणाची गाय आटली, कुणी बडव्याला म्हणजे भिल्लांच्या भगताला बोलावले, कुणाच्या शेताच्या बांधावरून आधीच भांडण होते, हे तिथे येत नाही. गोष्टीतली डाकण आणि आरोपातली डाकण या दोन वेगळ्या बायका आहेत. गोष्टीतली रात्री फिरते, तिला नाव नसते, गाव नसते. ती शेकोटीभोवती बसलेल्या सगळ्यांची असते. आरोपातली मात्र शेजारच्या घरात राहते, तिला नाव असते, पुष्कळदा ती विधवा असते आणि तिच्यामागे उभे राहणारे कुणी नसते. पहिली दुसरीच्या अंगावर कधी आणि कुणाच्या तोंडून घातली जाते, हाच खरा अभ्यासाचा विषय आहे. आणि बोलणाऱ्याची नोंद नसेल तर तो अभ्यास सुरूच होऊ शकत नाही.

माल्कमनंतर कारभार वाढला, तशी दप्तरेही वाढली. 1854 साली सेंट्रल इंडिया एजन्सी स्थापन झाली आणि तिचा मुख्य अधिकारी इंदूरच्या रेसिडेन्सीत राहू लागला. हा रेसिडेन्सीचा परिसर आजच्या पलासियापासून फार लांब नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी एजन्सीतल्या संस्थानांची गॅझेटियरे तयार झाली, त्यांची जबाबदारी कॅप्टन सी. ई. लुआर्ड याच्याकडे होती. 1909 साली माळव्यातल्या रानात राहणाऱ्या जमातींवरचे त्याचे पुस्तकही निघाले. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात हेच काम आणखी पद्धतशीर चालले होते. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृत जाणणारा आणि लोकसमजुतींची आस्था असलेला अधिकारी. त्याने शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून भुते, देवचार, वेताळ, झाडे, विहिरी यांच्याबद्दलच्या समजुती मागवल्या. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. जमवलेली सामग्री मागे राहिली, ती आर. ई. एन्थोवेन याने संकलित केली आणि तिचा कोकणचा खंड 1915 साली प्रसिद्ध झाला. त्यात वेताळ, मुंजा, समंध, हडळ, जखीण, गिऱ्हा अशी कोकणातली जवळजवळ सगळी अदृश्य वस्ती हजर आहे. मराठी भुतांची इतकी तपशीलवार नोंद त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

या खंडातल्या तळटिपा मात्र नीट वाचायला हव्यात. माहिती कुठून आली हे सांगताना तिथे बहुतेक ठिकाणी एवढेच येते: शाळामास्तर, अमुक गाव. गाव आहे, हुद्दा आहे, माणूस नाही. मास्तरांचे नावच नाही, मग मास्तरांना ज्या म्हातारीने, गुरवाने किंवा खलाशाने गोष्ट सांगितली त्यांचे नाव कुठून असणार? हा निव्वळ त्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्याही आधी याहून वेगळे उदाहरण घडलेले होते. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याची मुलगी मेरी फ्रिअर हिने 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे कथांचे पुस्तक छापले. त्यातल्या राक्षसांच्या आणि मंतरलेल्या राजकन्यांच्या कथा तिला अ‍ॅना लिबराटा डिसूझा या आयेने सांगितल्या होत्या. आयेचे नाव तर पुस्तकात आहेच, शिवाय तिने सांगितलेली तिच्या स्वतःच्या आयुष्याची हकिकतही आहे. त्यामुळे आज ते पुस्तक उघडणाऱ्याला कळते की या कथा एका कष्टकरी, दुःख सोसलेल्या बाईच्या तोंडच्या आहेत, आणि राक्षसाच्या वाड्यात अडकलेल्या मुलीची गोष्ट मग वेगळीच ऐकू येते. उत्तर हिंदुस्थानात विल्यम क्रुक या ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी कथा गोळा करणारे, त्यांची भाषांतरे करणारे पंडित राम गरीब चौबे मात्र उलट्या नशिबाचे निघाले. जगाला क्रुक ठाऊक झाला. चौबे यांचे काम लंडनच्या फोकलोर सोसायटीच्या कागदपत्रांतून साधना नैथानी यांनी उजेडात आणले, तोवर जवळपास शतक उलटले होते. म्हणजे नाव नोंदवणे त्या काळी अशक्य नव्हते. ते कुणी केले, कुणी केले नाही. आणि ज्यांनी केले नाही त्यांच्या संग्रहातून आज आपल्या हाती निम्माच ऐवज येतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. शास्त्राला सांगणाऱ्याचे नाव कशाला हवे? शेकडो कथा शेजारी मांडल्या तर त्यांच्यातला सारखा सांगाडा दिसतो, आणि त्यासाठी माणूस बाजूला ठेवावाच लागतो. या आक्षेपाचे वजन पाहायचे तर 1910 हे साल उपयोगी पडते. त्या वर्षी फिनलंडच्या अँटी आर्ने याने लोककथांच्या प्रकारांची वर्गवारी प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सनने ती वाढवली आणि आज जगभरचे अभ्यासक तिचे आकडे वापरतात. त्याच 1910 मध्ये जपानच्या यानागिता कुनिओ याने ‘तोनो मोनोगातारी’ छापले. एका डोंगराळ भागातल्या 119 आख्यायिका, आणि त्या सांगणाऱ्या सासाकी या तरुणाचे नाव प्रस्तावनेतच. आर्नेची वर्गवारी आपल्याला सांगते की एकच कथा बंगालमध्येही आहे आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावरही. हे ज्ञान खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण यानागिताच्या पुस्तकात कप्पा नावाच्या जलचराची कथा अमुक घराण्याशी, अमुक नदीकाठाशी बांधलेली येते. कप्पापासून झालेली मुले मारून पुरली, असे तिथे सांगितले जाते. नको असलेल्या अर्भकांचे काय होत असे, हे गाव उघडपणे कधीच बोलले नसते. ते कप्पाच्या आडून बोलले गेले, असे या कथांबद्दल म्हटले जाते. हा अर्थ वर्गवारीच्या आकड्यातून कधीच हाती लागला नसता. सांगाडा काढायला हरकत नाही, पण तो काढण्याआधी देह कुणाचा होता हे लिहून ठेवले पाहिजे. वर्गवारी नंतर केव्हाही करता येते, नाव नंतर मिळवता येत नाही.

इंदूरमध्ये या दोन वाटांपेक्षा वेगळी एक तिसरी वाटही चोखाळली गेली. सरदार माधवराव किबे हे होळकर दरबारातले मोठे प्रस्थ, मराठीचे अभिमानी, 1926 सालच्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. इंदूरचा मराठी समाज त्या काळी किती जागता होता याची साक्ष 1917 आणि 1935 ही या शहरात भरलेली संमेलनेही देतात. किबे यांनी रावणाची लंका समुद्रापार नसून मध्य भारतात, नर्मदेच्या उगमापाशी अमरकंटकच्या परिसरात होती, असा सिद्धान्त मांडला आणि 1920च्या दशकाच्या अखेरीस तो इतिहाससंशोधकांच्या चर्चेत आणला. रायबहादूर हिरालाल यांच्यासारख्या जाणकारानेही त्याच दिशेने विचार केला. पुढे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनीही लंका मध्य भारतातच शोधली. या मांडणीत राक्षस हे गोंडांसारख्या वनवासी लोकांचे पूर्वज ठरतात, आणि काही गोंड स्वतःला रावणवंशी म्हणवतात हा त्याचा एक आधार. किबे यांच्या अभ्यासाची चिकाटी आणि रामायणाचा भूगोल सरधोपट न मानण्याचे धाडस यांचा आदर ठेवूनही एक गोष्ट म्हणावी लागते. राक्षसाचा खुलासा करताना पोथी उघडली गेली, नकाशा उघडला गेला, पण ज्यांना राक्षस म्हटले जात होते त्यांच्या घरी जाऊन ‘तुमच्या गोष्टीतला राक्षस कोण?’ असे विचारणे या पद्धतीत बसत नव्हते. ज्या समाजाला आपण राक्षस ठरवतो त्या समाजालाही त्याचे राक्षस असतात, त्याची भुते असतात, त्याच्या डाकणी असतात. आपणच ज्यांच्या गोष्टीतला राक्षस आहोत, त्यांची भीती ऐकल्याशिवाय आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा उलगडा अर्धवट राहतो.

त्या घरी जाणारी व्यक्ती इंदुरातच जन्मली होती. दुर्गा भागवत यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1910 रोजी इंदूरचा. आर्ने आणि यानागिता यांची पुस्तके निघाली तेच साल. दुर्गाबाईंचे शिक्षण आणि पुढचे आयुष्य मुख्यतः मुंबईत गेले. पण संशोधनासाठी त्या मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये गेल्या आणि तिथल्या जंगलातल्या अन्नातून झालेल्या विषबाधेने पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी.चे काम सुटले, माणसांशी जडलेले नाते सुटले नाही. ‘महानदीच्या तीरावर’ या कादंबरीत गोंडांचे जीवन आले. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या 1956 सालच्या ग्रंथाने लोकसाहित्याच्या अभ्यासाला शिस्त आणि परिभाषा असते हे मराठी वाचकाला दाखवून दिले. यक्ष, नाग आणि बोलणारे पशुपक्षी यांनी भरलेले जातक त्यांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत मराठीत आणले, आणि भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथा मुलांसाठी सांगितल्या. त्याच काळात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनही मध्य भारतात काम करत होता. 1944 साली आलेल्या त्याच्या महाकोशलच्या कथासंग्रहात कथेबरोबर जमात आणि गाव दिलेले आढळते. माल्कमपासून एल्विनपर्यंतच्या सव्वाशे वर्षांत ‘या मुलखातले लोक’ इथपासून ‘या गावातला गोंड’ इथवर नोंद सरकली. पुढचे पाऊल म्हणजे ‘या गावातली ही बाई’. ते अजून पुष्कळ ठिकाणी पडायचे आहे.

दुर्गाबाईंना इंदूरच्या खात्यात मांडणे कितपत योग्य, असे कुणी विचारील. लहानपणीच सुटलेल्या गावाने मोठ्या माणसावर हक्क सांगू नये, हे मला मान्य आहे. पण मी हक्क सांगत नाही, स्थिती दाखवतो आहे. इंदूर हे शहरच असे, की इथे मराठी माणूस राज्यकर्ता म्हणून आला आणि ज्यांच्यावर राज्य केले त्यांची बोली मालवी, निमाडी, भिली राहिली. मराठी घरातली हडळ आणि दाराबाहेरची डाकण इथे एकाच गल्लीत नांदल्या. अशा ठिकाणी लोककथांचा अभ्यास दोन दिशांनी होऊ शकतो: वरून खाली पाहून, किंवा दाराबाहेर जाऊन. मालवीच्या बाजूने हे काम श्याम परमार यांनी केले. त्यांनी मालवी लोकगीते आणि लोकसाहित्य यांवर हिंदीत लिहिले आणि 1972 साली मध्य प्रदेशच्या लोकसाहित्याची ओळख करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले. मराठी वाचकाने दुर्गाबाईंचे आणि परमारांचे काम शेजारी ठेवून वाचले तर कळते, की लोककथेला प्रांताची सीमा नसली तरी सांगणाऱ्याला भाषा असते, आणि भाषा बदलली की जीवही बदलतो. चुडेल, डाकण आणि हडळ यांना एकच समजून एका रकान्यात टाकणे म्हणजे तीन प्रकारच्या बायकांची तीन प्रकारची दुःखे एकत्र कालवणे.

दुःख हा शब्द मी जाणून वापरला आहे, कारण या जीवांची घडण पाहिली तर दुसरा शब्द सुचत नाही. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. सवाष्णपणी गेलेल्या बाईची जखीण होते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच मेला, त्या मुलाचा मुंजा होऊन तो पिंपळावर बसतो. निपुत्रिक मेलेला, पुरलेल्या धनावर जीव अडकलेला माणूस समंध होतो. या यादीत सुखाने, पिकल्या वयात, नातवंडे पाहून गेलेला कुणीच नाही. ज्यांचे आयुष्य मध्येच तुटले आणि ज्यांच्याबद्दल मागे राहिलेल्यांच्या मनात खंत किंवा अपराध उरला, त्यांचीच भुते झाली. बाळंतपणात किती बायका मरत याची मोजदाद सरकारी दप्तरात यायला फार वेळ लागला. हडळीच्या गोष्टीत ती शतकानुशतके होती. सात आसरांच्या गोष्टीने डोहाची खोली पोरांना शिकवली, चकव्याच्या गोष्टीने रात्री रानात एकट्याने जाऊ नये हे शिकवले. म्हणून या कथा म्हणजे बायकांचे, मुलांचे आणि गरिबांचे दप्तर आहे. दप्तराचे पहिले पान म्हणजे ते कुणी लिहिले हे सांगणारे पान. बाळंतपणात गेलेल्या जावेची गोष्ट घरातली दुसरी जाऊ सांगते तेव्हा हडळीची कीव येते. तीच गोष्ट सासू नव्या सुनेला सांगते तेव्हा तिचा धाक होतो. शब्द तेच असतील, पण अर्थ सांगणाऱ्याबरोबर फिरतो.

आता सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे वळतो. ज्या महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्याच वर्षी अमानुष प्रथा व जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला, ज्या छत्तीसगडला बायकांना टोनही म्हणजे चेटकीण ठरवून छळणाऱ्यांविरुद्ध 2005 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तिथे भुताखेतांच्या कथा आस्थेने गोळा करणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे नव्हे काय? हा प्रश्न टाळणाऱ्या लोकसाहित्यिकाला या क्षेत्रात काम करण्याचा अधिकार नाही. माझे उत्तर असे, की धोका कथा गोळा करण्यात नसून ती तोडून गोळा करण्यात आहे. सांगणारा, प्रसंग आणि हेतू काढून टाकलेली डाकणीची कथा ‘या मुलखात डाकणी असतात’ अशा विधानासारखी वाचली जाते. मासिकांच्या आणि दूरचित्रवाणीच्या भूतकथा नेमके हेच करतात. उलट ‘या गावात, या साली, मूल दगावल्यावर, अमक्या नात्याच्या माणसाने शेजारच्या एकट्या बाईबद्दल ही कथा सांगितली’ अशी नोंद झाली, की ती कथा डाकणीबद्दल काही सिद्ध करत नाही. आरोप कसा तयार होतो हे सिद्ध करते. दाभोलकरांच्या चळवळीला लागणारा पुरावा अशाच नोंदीत असतो. अंधश्रद्धा निर्मूलन करणारा आणि लोककथा गोळा करणारा हे एकमेकांचे विरोधक नाहीत. पहिल्याला आरोप थांबवायचा आहे, दुसऱ्याला तो कुठून उगवतो हे दाखवायचे आहे. माल्कमच्या ग्रंथात बायका मारल्या गेल्याची नोंद आहे आणि आरोप करणाऱ्यांची नाही. म्हणून त्यातून हळहळ निघते, इलाज निघत नाही.

याच्या उलट बाजूचा आक्षेपही आहे, आणि तो माझ्याच मुद्द्याला छेद देतो. सांगणाऱ्याचे नाव छापले तर त्यालाच इजा होणार नाही का? गावातल्या आरोपाची हकिकत सांगणारी बाई उद्या त्याच गावात राहणार आहे. जिच्यावर आरोप झाला तिचे नाव पुस्तकात आले तर ती कायमची डाकण ठरेल. हे खरे आहे, आणि म्हणून नोंदवणे आणि छापणे यांत फरक करावा लागतो. टिपणवहीत सगळे लिहावे: नाव, वय, नाते, गाव, कथा आपण मागितली की तिने आपणहून सांगितली, सांगताना कोण हजर होते. छापताना मात्र तिची परवानगी घ्यावी, आरोपितेचे नाव गाळावे आणि गाळले आहे हे सांगावे. चौबे यांचे नाव गाळले गेले ते त्यांच्या भल्यासाठी नव्हते. क्रुकचे नाव मोठे होत गेले, तसे ते आपोआप मागे पडले. कोकणातल्या शाळामास्तरांची नावे गाळली गेली ती त्यांचे रक्षण करण्यासाठी नव्हे; त्या नावांना किंमत नाही असे धरून चालल्यामुळे. सांगणाऱ्याला जपण्यासाठी नाव झाकणे आणि सांगणारा मोजण्यालायक नाही म्हणून नाव सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात नाव कुठेतरी सुरक्षित असते; दुसऱ्यात ते कुठेच नसते.

शेवटी उरतो तो पलासियाचाच प्रश्न. चौपदरी रस्ते, दुकाने, दिवसासारखा उजेड. इथे कसले मुंजे आणि कसल्या आसरा? शहर वाढले की हे जीव मरतात, मग गोळा करायचे काय? इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात चौक या जागेवर एक आख्खा लेख लिहिला आहे. ‘मृच्छकटिका’तला चारुदत्त आपल्या मित्राला चौकात मातृदेवतांसाठी बळी ठेवून यायला सांगतो, एवढ्या एका तपशिलापासून ते निघतात आणि पुण्याच्या आसपासच्या वाटा, घाट आणि देवींची ठाणी पायी हिंडून दाखवून देतात, की माणसांच्या वाटा जिथे एकमेकांना छेदतात तिथे देवता आणि भये वस्ती करतात. वाट जुनी असो की नवी, हा नियम बदलत नाही. आजही आपल्या शहरांतल्या तिठ्यांवर लिंबू, मिरच्या, कुंकू लावलेला भात पडलेला दिसतो. दुकानांच्या दारांवर लिंबू-मिरची दर शनिवारी नवी होते. शहरातल्या भयाने रूप बदलले, जागा बदलली. ते संपले नाही. अपघाती वळणांच्या, रिकाम्या पडलेल्या बंगल्यांच्या, रात्रपाळीहून परतणाऱ्यांना दिसणाऱ्या बाईच्या कथा शहरेच घडवतात. त्यांत वाहनांचा वेग, जागेचे वाद, घराबाहेर कामाला पडलेल्या बाईबद्दलची धास्ती असे आजचे विषय दडलेले असतात. लोकसाहित्याचा अभ्यासक रानात जायला हवा हे खरे, पण तो चौकातही थांबायला हवा.

म्हणून या कामाचा इतिहास वाचताना मला माल्कमच्या दोन खंडांपेक्षा किंवा किबे यांच्या नकाशापेक्षा कोकणच्या त्या तळटिपा अधिक अस्वस्थ करतात. तिथे गाव होते, मास्तर होते, कथा होती. आणि मास्तरांच्या समोर, ओटीवर किंवा शाळेच्या पायरीवर, कुणीतरी बसून हडळीबद्दल बोलत होते. ते माणूस लिहून घ्यायला दौतीत शाई होती, कागदावर जागा होती, पण ते लिहून मागवणारा प्रश्नच वरून आलेल्या यादीत नव्हता. इंदुरात जन्मलेल्या दुर्गाबाईंनी पुढे गोंडांच्या पाड्यांत जाऊन हा प्रश्न स्वतःच्या देहाची किंमत देऊन विचारला. आज जो कुणी वही घेऊन निघेल, मग तो अमरकंटकच्या डोंगरात जावो, कोकणातल्या खाडीवर जावो की पलासियाच्या चौकात उभा राहो, त्याच्या यादीत हडळ, मुंजा, डाकण यांच्या आधी पहिला प्रश्न हाच हवा: ही गोष्ट सांगणारे तुम्ही कोण, आणि तुम्हाला ती कुणी सांगितली?